दुरुस्तीची मक्तेदारी

धुळे–सोलापूर महामार्गावरील वडीगोद्रीसारख्या गावात आज लॅपटॉप ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. सातबाऱ्याचा उतारा, पीकविम्याचा अर्ज, शिष्यवृत्ती, महाविद्यालयीन प्रवेश ही सारी कामे शासनानेच त्या पडद्यावर नेऊन ठेवली आहेत. तेव्हा तो पडदा काळा पडला म्हणजे दारात उभ्या असलेल्या रांगेचेही नुकसान होते.

प्रस्तुत लेखकाच्या लॅपटॉपची बिजागरी आठव्या महिन्यात निखळली आणि तिच्या ओढीने पडद्याची तार तुटली. हमी एक वर्षाची होती. यंत्र घेऊन छत्रपती संभाजीनगर गाठावे लागले. तेथील अधिकृत केंद्राने सात आठवडे ‘भाग मागवला आहे’ हे एकच उत्तर दिले. यंत्र परत आले आणि नवव्या दिवशी तोच दोष पुन्हा उद्भवला. मौज अशी की, यंत्र कंपनीच्या फडताळात पडून असताना हमीचे दिवस मात्र ग्राहकाच्या खात्यातून वजा होत होते! कंपनीचे नाव येथे गौण आहे. प्रश्न या रीतीचा आहे.

डाव्या कालव्याच्या या पट्ट्यात पाण्यातली मोटार जळाली तर स्थानिक कारागीर ती उघडतो, नवी तार गुंडाळतो आणि पिकाला पाणी सुरू होते. तार, बेअरिंग, बुश बाजारात कोणालाही मिळतात म्हणून हे घडते. उलट अनेक नव्या लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डलाच झाळलेली असते, बॅटरी चिकटवलेली असते, सर्किटचे आराखडे कंपनीच्या कुलपात असतात आणि अस्सल सुटे भाग बहुधा अधिकृत केंद्रालाच मिळतात. हाताशी कसब असूनही कारागिराने हात बांधून बसावे, अशीच ही योजना. दुसरा कोणी दुरुस्ती करूच शकत नसेल, तर कंपनीला घाई कशाची?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि डिसेंबरमध्ये संकेतस्थळ उघडले. ते माहिती देते. सुटे भाग देण्याची सक्ती करीत नाही. फ्रान्सने मात्र जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप विकतानाच त्याच्या दुरुस्तीसुलभतेचे गुण जाहीर करणे बंधनकारक केले. आपल्याकडे निदान एवढे तरी व्हावे: दुरुस्तीत गेलेले दिवस हमीत मिळवावेत आणि सुटे भाग गावच्या कारागिराला रास्त दराने मिळावेत.

तोवर हाती असलेला कायदा वापरला पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच, म्हणजे येथे जालन्याच्या आयोगापुढे, दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. सेवाकेंद्र चालवून स्वतःचे पोट भरणाराही कायद्याने ग्राहकच ठरतो, हे अनेकांना ठाऊक नसते. कार्यकर्त्यांनी ते गावोगाव सांगावे. आणि यंत्र केंद्रात देताना पावतीवर तारीख व दोष स्पष्ट लिहून घ्यायला लावावे. टेलिफोनवर मिळालेली आश्वासने आयोगापुढे सिद्ध करणे कठीण जाते.