पडद्यावरची प्रयोगशाळा आणि पनवेलचा निकाल

सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे एप्रिल २०१६ मध्ये बेपत्ता झाल्या. मुख्य आरोपी अभय कुरुंदकर हा स्वतः पोलीस अधिकारी. त्याला अटक झाली डिसेंबर २०१७ मध्ये, आणि पनवेलच्या सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप ठोठावली एप्रिल २०२५ मध्ये. वसईच्या खाडीत टाकलेला मृतदेह अखेरपर्यंत हाती लागला नाही.

हीच कथा दूरचित्रवाणीवर असती तर पाऊण तासात संपली असती. १९९८ ते २०१८ अशी वीस वर्षे ‘सीआयडी’ मालिकेने घरोघरी न्यायवैद्यकाचे जे चित्र रुजवले, त्यात एकच डॉक्टर शवविच्छेदन करतो, विष ओळखतो, बोटांचे ठसे जुळवतो आणि राखेतूनही मृताची ओळख पटवतो. वास्तवात ही निरनिराळ्या तज्ज्ञांची कामे आहेत. शवविच्छेदन रुग्णालयात होते; व्हिसेरा मोहोरबंद बरणीतून कालिन्यासारख्या प्रयोगशाळेत जातो आणि तेथे आपल्या पाळीची वाट पाहतो. पडद्यावरचा डॉक्टर मृत्यूची वेळ घड्याळ पाहून सांगावी तशी सांगतो. खरा डॉक्टर शरीराचे तापमान, ताठरता आणि कुजण्याची अवस्था पाहून काही तासांचा अंदाज देतो; कोकणच्या दमट उष्म्यात तर तो अधिकच जपून देतो. पूर्ण जळून राख झालेल्या देहातून डीएनए मिळत नाही. मिळालाच तर तो वाचलेल्या दात-हाडांतून.

मनोरंजन म्हणून या चुकांकडे काणाडोळा करता येईल. परंतु मालिकेचा शेवट ज्या चुकीने होतो ती क्षम्य नाही. अधिकारी थप्पड मारतो, आरोपी गुन्हा कबूल करतो आणि विज्ञानाची गरजच संपते. भारतीय कायद्यात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही. ही तरतूद ब्रिटिश अमदानीपासून आहे आणि नव्या साक्ष अधिनियमातही ती कायम आहे. संमतीविना नार्को चाचणी घटनाबाह्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी खटल्यात सांगितले. तरीही प्रत्येक गाजलेल्या गुन्ह्यानंतर ‘नार्को करा’ अशी ओरड होते. थप्पड हे तपासाचे साधन आहे असे ज्या समाजाला रोज रात्री शिकवले जाते, तो समाज कोठडीतील मारहाणीबद्दल जाब कसा विचारणार? आणि ही थप्पड बसते कोणाला? ज्याला वकील परवडत नाही त्याला.

पनवेलचा खटला नेमके उलटे शिकवतो. मृतदेह नसतानाही गुन्हा सिद्ध झाला तो परिस्थितिजन्य आणि तांत्रिक पुराव्याच्या बळावर. अशा पुराव्याची साखळी किती अभंग असली पाहिजे, याचे पाच निकष सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये महाराष्ट्रातल्याच शरद सारडा खटल्यात घालून दिले आहेत. मात्र विलंबाचे खापर विज्ञानावर फोडता येणार नाही. बिद्रे बेपत्ता असतानाच, जानेवारी २०१७ मध्ये, कुरुंदकरला राष्ट्रपती पोलीस पदक जाहीर झाले होते. शेजारच्या पेण तालुक्यात मे २०१२ मध्ये जंगलात जळालेले मानवी अवशेष सापडले आणि त्यांचे नमुने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात गेले, पण ते शीना बोराचे असल्याचा आरोप पुढे यायला ऑगस्ट २०१५ उजाडले. दोन्ही ठिकाणी उणीव होती ती वेळीच आणि निर्भयपणे तपास करण्याच्या इच्छेची. कोणतीही मालिका ही उणीव दाखवत नाही, कारण मालिकेतला पोलीस कधी कोणाच्या दबावाखाली नसतो.

सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्याने आवश्यक ठरवले. मात्र अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत सवड दिली. ही सवड रिकाम्या खुर्च्यांवर पांघरूण घालण्यासाठी वापरली जाऊ नये. पुरेसे तज्ज्ञ, पुरेशी उपकरणे आणि गृहखात्याच्या अखत्यारीतून मुक्त असलेली स्वायत्त प्रयोगशाळा, या मागण्या कार्यकर्त्यांनी तालुक्या-तालुक्यात मांडल्या पाहिजेत. अहवालाच्या प्रतीक्षेत तुरुंगात खितपत पडलेला कच्चा कैदी आणि न्यायासाठी नऊ-नऊ वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारे कुटुंब, या दोघांचेही हित त्यातच आहे.