नाव बदलले, मॅन्युअल राहिले

तेरवरचे पुस्तक तालिकेत घेताना भौगोलिक विषयशीर्षकात आपण वर्षानुवर्षे 'उस्मानाबाद जिल्हा' लिहीत आलो. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. आता जुन्या नोंदींतले नाव बदलायचे कसे?

कोहा या ग्रंथालय-सॉफ्टवेअरमध्ये याची सोय आहे. मार्क २१ या नोंदपद्धतीतल्या ऑथॉरिटी रेकॉर्डमध्ये (नावाच्या प्रमाण नोंदीत) १५१ या क्षेत्रात नवे नाव घालायचे, जुने ४५१ मध्ये ठेवायचे. ६५१ मधून त्या रेकॉर्डशी जोडलेल्या पुस्तकांच्या नोंदी मग आपोआप बदलतात आणि 'उस्मानाबाद' शोधणारा वाचकही योग्य ठिकाणी पोचतो. मेख पुढे आहे. जोडलेल्या नोंदी ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या, की बदल लगेच होत नाही. तो सर्व्हरवर ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या क्रॉन जॉबकडे सोपवला जातो. ही मर्यादा 'ऑथॉरिटीमर्जलिमिट' या सेटिंगमध्ये असते. जुन्या मॅन्युअलात मात्र 'डोन्टमर्ज' नावाचे सेटिंग सांगितले आहे, जे केव्हाच काढून टाकले गेले. जुनी पीडीएफ समोर ठेवून बसलेला ग्रंथपाल नसलेले सेटिंग शोधतो आणि कंटाळून एकेक नोंद हाताने दुरुस्त करतो. (तेरच्या रेकॉर्डला ४५१ मध्ये 'तगर'ही हवे. पेरिप्लस या प्राचीन ग्रंथातले हे नाव घेऊन येणारा अभ्यासकही आपलाच वाचक.)

दर मे आणि नोव्हेंबरमध्ये कोहाची नवी आवृत्ती येते. छापील किंवा स्कॅन केलेली पुस्तिका या वेगाला पुरी पडणार नाही. न्यूझीलंडमधल्या लेव्हिनच्या ग्रंथालयात २००० च्या जानेवारीत हे सॉफ्टवेअर सुरू झाले. त्याचे मॅन्युअल बरीच वर्षे डॉकबुक एक्सएमएलमध्ये होते आणि त्यात हात घालायला तांत्रिक सवय लागे. पुढे ते साध्या मजकुराच्या फायलींत, स्फिंक्सवर आणि गिटलॅबवर नेले गेले. आता कुणीही दुरुस्ती सुचवू शकतो, ती तपासून स्वीकारली जाते आणि प्रत्येक आवृत्तीचे मॅन्युअल वेगळे राहते. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलनेही कोहाची मालिका केली, ती १६.०५ आवृत्तीवर आहे. चित्रफीत दुरुस्त करता येत नाही, पण या प्रकल्पाच्या संहिता विकीवर आहेत. आम्हाला चित्रफितींपेक्षा त्या संहिताच अधिक मोलाच्या वाटतात.

तेव्हा मराठी मॅन्युअलही सर्वांना संपादित करता येईल अशा जागी न्यावे, हे आमचे मत. मराठी विकिबुक्स ही त्यासाठी तयार जागा आहे. तिथे वर्दळ कमी आहे हे खरे, पण ती आपणच वाढवायची. एक अडचण मात्र उत्साहात विसरू नये. कोहाचे मॅन्युअल जीपीएल परवान्याखाली आहे, विकिबुक्सचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सखाली. पहिल्याचे भाषांतर उचलून दुसरीकडे चिकटवता येत नाही. ते कोहाच्याच भाषांतर प्रकल्पात करावे. विकिबुक्सवर आपण स्वतः केलेल्या कामाची पद्धत आपल्या शब्दांत लिहावी. सोल किंवा ई-ग्रंथालय ही दुसरी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही हेच लागू: पुस्तिकेची नक्कल नको, स्वतःची कृती चालेल.

'कुणीही लिहिले तर चुका होतील' हा आक्षेप आम्ही अनेकदा ऐकतो. चुका होतीलच, पण विकीवर प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो आणि चूक मागे घेता येते. पीडीएफमधली चूक मात्र व्हॉट्सअॅपवरून वर्षानुवर्षे फिरत राहते. खरा धोका राखणदार नसलेल्या पानाचा. म्हणून पानाच्या माथ्यावर सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि शेवटच्या तपासणीची तारीख असावी आणि ते पान पाहण्याची जबाबदारी कुणीतरी उघडपणे घ्यावी. पडद्याचे चित्र टाकण्यापूर्वी सभासदांची नावे व मोबाइल क्रमांक झाकावेत. जुन्या मॅन्युअलातली सीडीवरून इन्स्टॉल करण्याची प्रकरणे नव्या जागी नेऊच नयेत.

'ड' वर्गाच्या ग्रंथालयात देवघेव, वर्गणी, दाखल नोंदवही आणि झाडलोट बहुधा एकच माणूस बघतो. त्याने अख्खे मॅन्युअल लिहावे अशी अपेक्षा कुणी करू नये. एक पान पुरे. धाराशिव जिल्ह्यातल्या कोहा वापरणाऱ्या वाचकांनी नाव बदलण्याच्या कृतीचे पान या महिन्यात लिहावे आणि ज्यांच्या जिल्ह्याचेही नाव बदलले त्या छत्रपती संभाजीनगरच्या मंडळींनी तेच पान आपल्या नोंदींवर चालवून तपासावे.