ससा आणि गाजर

"ससा काय खातो?" असं विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात "गाजर!" म्हणतो. चित्रात ते शोभतं. पण घरी ससा पाळला असेल तर हे उत्तर बदलायला हवं. गाजरात साखर जास्त. सशाचं पोट चालतं ते वाळलेल्या गवतातल्या तंतूंवर. ते चावून त्याचे आयुष्यभर वाढणारे दातही झिजतात. म्हणून गवत दिवसभर समोर असावं, जोडीला थोडा ताजा पाला आणि पाणी. गाजराचा तुकडा कधीतरीच. सशाने खाणं सोडलं, लेंड्या थांबल्या, तर 'उद्या बघू' म्हणू नका. त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. रोज लेंड्या बघायचं काम मुलांकडेच द्या. माझ्या मते, माया नुसती कुरवाळून नाही, अशा कामातूनच शिकता येते.