आडनावाचा रकाना

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये मराठी माणूस जातो तो तंबू चेट्टी रस्त्यावरच्या कालिकांबाळ मंदिरासाठी. दक्षिणेच्या स्वारीत, १६७७ मध्ये, शिवाजी महाराज तिथे दर्शनाला आले होते, असे मंदिरात सांगतात. पण महाराजांशी समोरासमोर बोललेला एक इटालियन पुढे याच मद्रासेत घर करून राहिला, हे फारसे कुणाच्या ध्यानात नसते. तो म्हणजे व्हेनिसचा निकोलाव मनुची. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत त्याची महाराजांशी भेट झाली आणि १६८६ मध्ये एका इंग्रजाच्या विधवेशी लग्न करून तो मद्रासला स्थिरावला.

त्याचे आडनाव कानाला भारदस्त वाटते. मूळ अगदी घरगुती आहे. एर्मान्नो, अलामान्नो अशा नावांचे आखूड रूप मान्नो. त्याला लाडाचा प्रत्यय लागून मानुच्चो, जसा आपल्याकडे रामचंद्राचा राम्या होतो. अशा मानुच्चोची पोरेबाळे ती मानुच्ची. पेत्रुच्ची, बेर्तोलुच्ची ही आडनावेही याच घडणीची. थोडक्यात, कुणा आजा-पणजाचे लाडके नाव. इटलीत ते कागदावर पक्के होत गेले. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने चर्चना लग्न-बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवायला लावल्या, त्याने या प्रक्रियेला जोर आला. पुढे बापाचे नाव बदलले तरी आडनाव तेच राहिले.

मनुची मोगल शाहजादा दारा शुकोहच्या तोफखान्यात होता, पुढे शिक्षणावाचून वैद्य झाला, दूत म्हणून वकिली केली, मोगलांचा इतिहास लिहिला. यातले काहीही त्याच्या आडनावात नाही.

तमिळनाडूने निराळा मार्ग धरला. १९२९ मध्ये चेंगलपट्टूच्या स्वाभिमान परिषदेने नावामागची जातिवाचक बिरुदे टाकण्याचा ठराव केला. आज तिथे बहुतेकांच्या नावाआधी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर असते आणि ते दर पिढीला बदलते. म्हणजे इटालियन आडनाव जिथून निघाले, तिथेच तमिळ माणूस शहाणपणाने थांबला. जात त्यामुळे संपली नाही, हे खरे. पण निदान ती नावाबरोबर फुकट सांगितली जात नाही.

आपल्याकडे घर भाड्याने देतानाही पहिला प्रश्न ‘आडनाव काय?’ असतो आणि तो कशासाठी असतो, हे विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला दोघांनाही पक्के ठाऊक असते. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचे नाव आणले, हे उत्तम झाले. आई आली, बाप होताच. आता पुढचे पाऊल टाकावे आणि सरकारी अर्जातला आडनावाचा रकाना ऐच्छिक करावा.