गोधडी शिवणारीला काय द्यावं?



गेल्या हिवाळ्याच्या तोंडी आम्ही आत्याकडं जुन्या कपड्यांचं बोचकं घेऊन गेलो. आत्यानं उभा जन्म गोधड्या शिवल्या. 'तुझ्या कामासाठी भेट आणलीय,' असं आम्ही ऐटीत सांगितलं. आत्यानं एकेक कपडा चिमटीत धरून पाहिला, दोन सुती लुगडी बाजूला काढली आणि बाकीचं पुन्हा बांधून आमच्याच हाती दिलं. म्हणाली, 'बाळा, ह्या नायलॉनच्या साड्या सुईखाली सरकतात, घाम टिपत नाहीत, चुलीजवळ गेल्या की वितळून अंगाला चिकटतात. घरातली अडगळ माझ्या दारात आणून टाकलीस, ती भेट कशी?'

आम्ही वरमलो. मग तिलाच विचारलं, काय द्यावं?

सुती कपडाच द्यावा. सूत मातीत गेलं तर कुजून माती होतं, नायलॉन वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. कपडा धुऊन, वाळवून, फॉल उसवून द्यावा. काढलेली बटणं-हुक डबीत घालून तीही द्यावीत. रंग सुटतो का, हे ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून आधीच पाहावं.

विकत काही घ्यायचंच तर सुती दोऱ्याची रिळं, जाड सुया, बोटात घालायचं टोपण घ्यावं. घरातल्या बोथट कात्रीला धार लावून दिली तरी चालते. सुईत दोरा ओवता येईना झाला असेल, तर डोळे तपासून चाळिशीचा चष्मा करून द्यावा. आणि लेकरांनी सुट्टीच्या दिवशी दहा-वीस सुया ओवून ठेवल्या, तर त्यासारखी भेट नाही.

जुन्या कापडाचं मोल आपल्याकडं फार पूर्वीपासून जाणलेलं आहे. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. राजा उदयनाच्या राण्यांनी भदंत आनंदांना पाचशे वस्त्रं दान दिली. एवढ्या वस्त्रांचं एक भिक्खू काय करणार, असं राजानं विचारलं. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरं विरलीत त्यांना वाटू. जुन्या चीवरांची पांघरुणं करू, ती जुनी झाली की गादीची खोळ, मग जमिनीवरचं अंथरूण, मग पायपुसणं, मग झाडायचं फडकं. शेवटी चिंध्या कुटून, मातीत कालवून जमीन सारवू. राजा इतका संतोषला की त्यानं आणखी पाचशे वस्त्रं दिली.

एक गोष्ट मात्र आत्या बोलली नाही, ती आम्हीच सांगतो. नात्यातली बाई म्हणून तिच्याकडून फुकट गोधडी शिवून घेऊ नका. एका गोधडीत कित्येक दिवस कंबर मोडते. वाढदिवसाच्या खर्चातून तिला मजुरी द्या आणि ती गोधडी वसतिगृहातल्या एखाद्या लेकराला द्या. एका दानात दोन घरांना ऊब मिळते.

यंदा आम्ही धुतलेलं कापड, रिळं आणि एका गोधडीची मजुरी घेऊन गेलो. आत्या आधी पैशाला हात लावेना. गोधडी वसतिगृहातल्या मुलीसाठी आहे, हे सांगितल्यावर तिनं पैसे कनवटीला लावले आणि आमच्या लेकीला सुया ओवायला बसवलं.

जय भीम!