वाळूला कुंपण नको!



पगार, पेन्शन, रिक्त जागा, कंत्राटीकरण हे विषय सोडून समुद्रकिनाऱ्यावर लेख कशासाठी, असे कुणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, आठ तास काम, आठ तास झोप व आठ तास स्वतःचे, ही कामगार चळवळीची जुनी मागणी आहे. पण हे स्वतःचे आठ तास घालवायचे कुठे? ज्याला क्लब नाही, फार्म हाऊस नाही, ज्याच्या क्वार्टरमध्ये पाहुणा आला की मुलांना बाहेर खेळायला पाठवावे लागते, त्याला मोठ्या शहरात फुकट बसायला किती जागा उरल्या आहेत? मुंबईत गिरगाव, दादर, जुहू. चेन्नईत मरीना. म्हणजे किनाराच. आणि ही जागाही हळूहळू हातातून निसटत आहे. म्हणून हा विषय आपला आहे.

किनारा म्हणजे काय?

किनारा म्हणजे पडून राहिलेली रिकामी वाळू, असा पुष्कळांचा समज असतो. बिल्डर लोकांचा तर हमखास असतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. नद्या डोंगराची झीज वाहून आणतात, त्यात शंख-शिंपल्यांचा चुरा मिसळतो आणि लाटा तो काठाला आणून टाकतात. आपल्या कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात खवळलेल्या लाटा वाळू आत ओढून नेतात, तेव्हा किनारा अरुंद होतो. ती वाळू जवळच पाण्याखाली बांधासारखी साठते आणि पावसाळा सरल्यावर शांत लाटा ती पुन्हा काठावर आणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर वाळूची अप आणि डाऊन वाहतूक सतत चालू असते. मध्येच लाईन ब्लॉक झाली, की एकीकडे गर्दी होते आणि दुसरीकडे फलाट रिकामा पडतो.

चेन्नईत हेच घडले. पूर्व किनाऱ्यावर वाळूचा ओघ एकंदरीत दक्षिणेकडून उत्तरेकडे असतो. एकोणिसाव्या शतकात मद्रास बंदराच्या भिंती समुद्रात बांधल्या गेल्या, तेव्हा तो ओघ अडला. बंदराच्या दक्षिणेला वाळू साचून मरीना रुंद झाला, तर उत्तरेला रॉयपुरमच्या बाजूला समुद्र वस्तीच्या अंगावर आला आणि तेथे दगडांचे बांध घालावे लागले. पुदुच्चेरीतही १९८० च्या दशकाच्या अखेरीस बंदराच्या भिंती झाल्या आणि शहरासमोरची वाळू वाहून गेली. आपल्या पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आहे. बंदर आले की रोजगार येतो व मालवाहतूकही वाढते, हे रेल्वे कामगाराला कुणी शिकवायला नको. परंतु कोणत्या गावची वाळू जाणार, कुणाच्या होड्या कुठे लागणार, याचा हिशेब त्या मच्छीमारांसमोर उघडपणे मांडलाच पाहिजे.

पहिला हक्क पोटाचा

शहरातल्या माणसाला किनारा म्हणजे सहल वाटते. किनाऱ्यावरच्या माणसाला ते कामाचे ठिकाण आहे. सिंधुदुर्गात रापण पाहिली असेल त्याला हे चटकन समजेल. जाळ्याचा एक दोर काठावर ठेवून होडी समुद्रात अर्धा वळसा घालते, दुसरे टोक लांबवर काठाला आणते आणि मग दोन्हीकडून माणसे ते जाळे ओढतात. बाया-माणसे, म्हातारे-तरणे सगळे दोराला लागतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. एकजुटीचा यापेक्षा चांगला धडा कोणत्या शिबिरात मिळणार? पण त्यासाठी मोकळी, सलग वाळू लागते. मधोमध रिसॉर्टची भिंत आली की रापण संपली. वर्सोवा, वसई, अर्नाळा येथे बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले असतात. पाहुण्यांना त्या वासाचा त्रास होतो, अशी तक्रार असते. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की तो वास कुणाच्या तरी घामाचा आहे.

भेळवाला, शहाळेवाला, फुगेवाला, पहाटे कचरा उचलणारी बाई, ही सगळी किनाऱ्यावरची असंघटित कामगार मंडळी आहेत. बुडणाऱ्याला बाहेर काढणारा जीवरक्षकही त्यांच्यातलाच. गोव्यात २००८ पासून जीवरक्षकाचे काम खाजगी कंपनीकडे आहे आणि तेथील जीवरक्षकांना नोकरीच्या शाश्वतीसाठी आंदोलन करावे लागले. गँगमनची कामे कंत्राटदाराकडे जाताना पाहिलेल्या आपल्या माणसांना हे दुखणे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरा हक्क सभेचा

तामिळनाडूतले ज्येष्ठ नेते सिंगारवेलर यांनी भारतातला पहिला मे दिन साजरा केला तो १ मे १९२३ रोजी. कुठे, तर मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर. एक सभा हायकोर्टासमोरच्या किनाऱ्यावर व दुसरी ट्रिप्लिकेनच्या किनाऱ्यावर. मरीनावर आज देवीप्रसाद रायचौधुरी यांनी घडविलेले श्रमिकांचे शिल्प उभे आहे. चार मजूर अंगचे सगळे बळ लावून एक खडक हलवीत आहेत. पास काढून रामेश्वर-कन्याकुमारीला जाणाऱ्या बांधवांनी चेन्नईत उतरून ते जरूर पाहावे. मुलाबाळांनाही दाखवावे.

महाराष्ट्राचा इतिहासही वाळूवरच लिहिलेला आहे. लोकमान्य टिळकांना १९२० साली गिरगाव चौपाटीवर अखेरचा निरोप दिला गेला. मिठाचा सत्याग्रह १९३० साली दांडीला झाला, तसा आपल्या शिरोड्यालाही झाला. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले आणि तेथे आज चैत्यभूमी आहे. दर ६ डिसेंबरला तेथे येणाऱ्या लाखो माणसांसाठी जादा गाड्या आपणच चालवतो. संयुक्त महाराष्ट्राच्या काळातही चौपाटी गाजत होती. ज्याला भाड्याचे सभागृह परवडत नव्हते त्याचे सभागृह म्हणजे चौपाटी.

आज काय स्थिती आहे? न्यायालयाच्या निर्बंधांमुळे गिरगाव चौपाटीवर ठरावीक धार्मिक-सांस्कृतिक कार्यक्रमांखेरीज सभा घेता येत नाहीत. मोर्चेकऱ्यांना आझाद मैदान दाखवले जाते. किनारा जपण्यासाठी निर्बंध असतील तर आम्ही ते पाळू. पण २०१६ साली 'मेक इन इंडिया'चा सोहळा याच वाळूवर करायचा सरकारने हट्ट धरला, उच्च न्यायालयाने नकार दिल्यावर सर्वोच्च न्यायालयातून परवानगी आणली, आणि १४ फेब्रुवारीला त्या मंचाला आग लागली. कामगाराने सभेसाठी अशी धावपळ केली असती तर त्याला कुणी दाद दिली असती का?

कायदा काय म्हणतो?

इंदिरा गांधींनी नोव्हेंबर १९८१ मध्ये किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवण्यास बजावले होते. त्यातूनच पुढे फेब्रुवारी १९९१ ची सी.आर.झेड. अधिसूचना आली. ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटर बांधकामबंदीचा पट्टा तिने आखून दिला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने कमलनाथ खटल्यात स्पष्ट सांगितले, की समुद्र, किनारा, वाहते पाणी यांचे सरकार मालक नसून विश्वस्त आहे. विश्वस्ताला ठेव सांभाळता येते, ती विकून खाता येत नाही.

पण जानेवारी २०१९ च्या नव्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांत, म्हणजे दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती असेल तेथे, हा पट्टा ५० मीटरवर आणला. कारण सांगितले गेले स्थानिकांच्या घरांचे. स्थानिक कोळ्याला स्वतःचे घर वाढवता येत असेल तर आमचा आक्षेप नाही. प्रश्न असा आहे, की त्या मोकळ्या झालेल्या दीडशे मीटरवर उद्या कोळ्याचे घर दिसेल की हॉटेल?

दुसरे कुंपण तिकिटाचे. २०२० साली देशातील आठ किनाऱ्यांना 'ब्लू फ्लॅग' मानांकन मिळाले. स्वच्छता, शौचालये, जीवरक्षक ही त्याची चांगली बाजू आहे व ती मान्य केली पाहिजे. पण पुरीच्या त्या पट्ट्यात जायला तिकीट आहे. तिकिटाशिवाय स्वच्छता कशी राहील, असा युक्तिवाद केला जातो. मग वर्सोव्याला २०१५ पासून नागरिकांनी स्वतःच्या हातांनी कचऱ्याचे डोंगर उपसले ते कोणत्या तिकिटावर? स्वच्छता हे नगरपालिकेचे काम आहे आणि त्यासाठी आपण कर भरतो. आज तिकीट वीस रुपयांचे असेल. पण चार माणसांचे कुटुंब, वर गाडीभाडे, हा हिशेब कनिष्ठ श्रेणीतला कर्मचारी एकदा करून बघतो आणि पुढच्या रविवारी घरीच बसतो. बंदीचा बोर्ड न लावताच गरीब माणूस बाहेर राहतो.

आपलीही जबाबदारी

हक्क मागणाऱ्याने कर्तव्य विसरू नये. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण खुली झाली आणि देशावरच्या माणसाला कोकणचा समुद्र जवळ आला. आपल्या घामाने समुद्र जवळ आणला, तर तेथे बाटल्या आणि प्लॅस्टिक टाकून येऊ नका. वाळूवर गाड्या घालू नका. वेळाससारख्या गावी त्या वाळूत समुद्री कासवांची अंडी असतात आणि गावकरी ती जिवापाड जपतात. पावसाळ्यात पाण्यात उतरू नका. आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडलात तर त्याच्याविरुद्ध झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहत आधी त्या ओढीतून बाहेर पडा. दमलात तर तरंगत राहून हात वर करा. स्थानिक माणूस 'उतरू नका' म्हणाला की तो सिग्नल लाल समजावा.

मागण्या स्पष्ट आहेत. एक, कोणत्याही सार्वजनिक किनाऱ्यावर प्रवेशशुल्क नको. दोन, प्रत्येक हॉटेल-रिसॉर्टशेजारून वाळूकडे जाणारी वाट कायम खुली राहावी. तीन, होड्या लावण्याच्या, रापणीच्या व मासळी वाळवण्याच्या जागा नकाशावर नोंदवून राखून ठेवाव्यात. चार, जीवरक्षक व सफाई कामगारांना कायम नोकरी आणि फेरीवाल्यांना २०१४ च्या पथविक्रेता कायद्याचे संरक्षण मिळावे.

ज्या शाखा किनारी जिल्ह्यांत आहेत त्यांनी येत्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मांडावा व मच्छीमार संघटनांशी संपर्क साधावा. भुसावळ, नागपूर, इटारसीच्या शाखांनी 'आमच्याकडे समुद्र कुठे आहे' असे म्हणू नये. वर्षातून एकदा पास काढून मुलांना जो समुद्र दाखवायला नेता, तो तुमचाही आहे. तो मोकळा आहे तोवरच तुमचा आहे.