वेताळाचे जुने अंक

वर्तमानपत्र एका दिवसात शिळे होते. मासिकाला महिनाभराचे आयुष्य असते. मुलांच्या चित्रकथेचा अंक मात्र या दोहोंहून निराळा. तो हातोहात फिरतो, दप्तरात मुडपला जातो, धाकट्या भावंडाच्या हाती लागला की त्याचे मुखपृष्ठ जाते, आणि एखाद्या बाजाराच्या दिवशी त्याच्याच पानात बांधलेले शेंगदाणे घरी येतात. असे हे अल्पायुषी अंक अलीकडे जाडजूड, बांधीव खंडांच्या रूपाने पुन्हा छापले जात आहेत. सुपरमॅन, बॅटमॅन, वेताळ हे जे अचाट पराक्रमाचे नायक तुम्ही चित्रपटांतून पाहता, त्यांच्या अगदी पहिल्या कथा या खंडांतून मिळतात.

माझ्या परिचयातील काही वडीलधाऱ्या मंडळींना हा सारा उद्योग पोरकट वाटतो. रद्दीला रेशमी बासन कशाला, असे ते विचारतात. मला तसे वाटत नाही. हे खंड निघावेत, शाळांच्या कपाटांतही यावेत, असे माझे मत आहे. परंतु त्याला माझी एक अट आहे. जुन्या कथा जशा होत्या तशाच छापल्या पाहिजेत. त्यांतील गुणांबरोबर दोषही राहिले पाहिजेत.

विद्यार्थिमित्रहो, प्रथम या नायकांची थोडी वंशावळ पाहू. अमेरिकेतील ली फॉक नावाच्या तरुणाने १९३४ मध्ये मँड्रेक हा जादूगार निर्माण केला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १७ फेब्रुवारी १९३६ रोजी, त्याची दुसरी चित्रकथा वर्तमानपत्रांत सुरू झाली. अंगासरशी पोशाख घातलेला, मुखवट्याआडच्या डोळ्यांत बुबुळेही न दिसणारा हा नायक म्हणजे 'फँटम'. रे मूर याने त्याची पहिली चित्रे काढली. सुपरमॅन १९३८ मध्ये आला आणि बॅटमॅन १९३९ मध्ये. म्हणजे या मुखवटेधारी कुळात फँटम हा दोघांचाही थोरला भाऊ लागतो.

हाच फँटम मराठीत वेताळ झाला. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. इंग्रजीबरोबरच मराठी, हिंदी आणि इतर भारतीय भाषांतून ते निघू लागले. १९९० मध्ये बंद पडेपर्यंत त्यांचे ८०० हून अधिक अंक निघाले. ज्याने कोणी हे मराठी नाव योजिले त्याच्या कल्पकतेचे मला कौतुक वाटते. आपल्याकडे वेताळ म्हणजे गावकुसाबाहेरचा शेंदूर माखलेला दगड; किंवा विक्रमराजाच्या खांद्यावर बसून कोडी घालणारा, उत्तर मिळताच पुन्हा झाडाला जाऊन लोंबकळणारा. भुतांचा हा राजा सर्वांच्या ओळखीचा आणि थोडासा भीतीचाही होता. साता समुद्रांपलीकडचा एक नायक या एका शब्दाने आमच्या वेशीजवळ येऊन उभा राहिला. बंगाली वाचकांनी तर त्याला 'अरण्यदेव' म्हटले. तेही नाव सुरेख आहे. परंतु आपल्या नावात जी धास्ती आहे, ती त्यात नाही.

त्या काळी जालन्याहून मुंबईस जाणाऱ्यास मनमाडला गाडी बदलावी लागे. येथवरचा लोहमार्ग अरुंद होता. मुंबईत छापलेला अंक असा दमत दमत आमच्या भागात पोचे. खेड्यांपर्यंत तर तो जुना होऊनच येई. एका अंकावर दहा-पंधरा मुले वाचून होत. वाचता न येणारे चित्रे पाहत आणि मोठ्याने वाचणाऱ्याला 'थांब, पान उलटू नको' म्हणून दटावत. माझी मराठी वाचनाची गती पाठ्यपुस्तकाइतकीच या अंकांनी वाढवली, हे मी मराठीचा शिक्षक म्हणून आवर्जून नोंदवतो.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. पहिल्या कथा जशाच्या तशा का हव्यात?

सुपरमॅनचे उदाहरण घ्या. तुमच्या डोळ्यांपुढे आहे तो ग्रहगोलांना प्रदक्षिणा घालणारा सुपरमॅन. १९३८ च्या पहिल्या कथेतील सुपरमॅनला उडताच येत नाही! तो उंच उडी मारतो. तीही फार तर एक अष्टमांश मैल, म्हणजे सुमारे २०० मीटर. आगगाडीहून तो वेगाने धावतो. त्याच्या कातडीला साधी इजा होत नाही, पण तोफगोळा फुटला तर ती भेदली जाईल, असे लेखकानेच म्हटले आहे. त्याचे शत्रूही परग्रहावरचे नाहीत. पहिल्याच अंकात तो एका निरपराध स्त्रीला मृत्युदंडातून वाचवतो आणि बायकोला मारणाऱ्या एका नवऱ्याला धडा शिकवतो. त्याच वर्षीच्या एका कथेत तो खाणकामगाराचा वेष घेतो. खाणीचा मालक सुरक्षेच्या साधनांवर पैसा खर्च करावयास तयार नसतो. सुपरमॅन अशी युक्ती करतो, की मालक आणि त्याचे श्रीमंत पाहुणे मेजवानीच्या कपड्यांतच त्या खाणीत अडकून पडतात. सुटकेसाठी ते साधने शोधू लागतात, तेव्हा ती सारी निकामी निघतात. मालकाचे डोळे तेथे उघडतात.

ही कथा निघाली तेव्हा अमेरिकेत महामंदीचे दिवस सरले नव्हते. लाखो माणसे बेकार होती. सुपरमॅन लिहिणारा जेरी सीगल आणि चित्रे काढणारा जो शुस्टर हे दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील, बेताच्या परिस्थितीत वाढलेले तरुण होते. त्यांच्या नायकाला खाणमालकाचा राग का येतो, हे समजण्यासाठी ती पहिली कथाच वाचावी लागते. पुढे तो नायक उडू लागला आणि खाणीतील माणसे त्याला फारशी दिसेनाशी झाली. जुना खंड हाती नसता, तर तो मुळात जमिनीवर चालत होता हे आपल्याला कसे कळले असते?

वेताळाच्या पहिल्या कथेत तर याहून मौज आहे. तीत जिमी वेल्स नावाचा एक श्रीमंत, आळशी तरुण आहे. हाच रात्री मुखवटा चढवून फँटम होतो, असा उलगडा करावयाचे फॉकच्या मनात होते. कथा लिहिता लिहिता त्याचा विचार बदलला. फँटम जंगलात गेला. बापाकडून मुलाकडे चालत आलेल्या व्रताचा एकविसावा वारस ठरला. जिमी बिचारा मागे राहिला तो राहिलाच. निबंध लिहिताना पहिला परिच्छेद खोडावा लागला म्हणून ज्यांना रडू येते, त्यांनी या कथेकडे अवश्य पाहावे. पुढे शहाणपणाने कोणी जिमीला वगळून ही कथा 'नीट' केली असती, तर लेखकाच्या मनाची ती वळणे कायमची पुसली गेली असती.

आणि अशी पुसापुशी होते. आपल्याच भाषांतून झालेली आहे. मूळ कथेत वेताळाच्या प्रदेशाचे नाव 'बंगाली' या शब्दाशी जुळणारे होते. त्याचे वैरी असलेले चाचे 'सिंग' नावाच्या टोळीचे होते, आणि वेताळाच्या बापाचा पाठीत सुरा खुपसून खून करणाऱ्याचे नाव होते राम. भारतीय वाचकांना हे रुचणार नाही हे उघड होते. म्हणून 'इंद्रजाल'मध्ये प्रदेश झाला डेंकाली, सिंगचे झाले सिंगा, आणि रामाचा झाला रामालू. शिवाय वर्तमानपत्रातील लांबट चित्रपट्ट्या लहान पुस्तकात बसवताना कित्येक चौकटी कापल्या गेल्या.

त्या वेळच्या संपादकांना मी दोष देत नाही. करमणुकीच्या अंकाने कोणाचे मन दुखवू नये, एवढेच त्यांना पाहावयाचे होते. पण परदेशातील लेखकाने आपल्याविषयी काय लिहिले होते, हे त्या बदलामुळे आमच्या पिढीला कळलेच नाही. ज्या अमेरिकन मुलाने १९३६ साली 'सिंग' चाच्यांची गोष्ट वाचली, त्याच्या मनात आपल्या लोकांविषयी कोणते चित्र उमटले असेल? हा प्रश्न आम्हाला पडावयास हवा होता. आमच्या हाती डेंकाली दिल्यामुळे तो पडला नाही. संग्रहाच्या खंडात 'डेंकाली'च छापावे, कारण आम्ही मराठीत तेच वाचले; परंतु प्रस्तावनेत मूळ नाव आणि बदलाचे कारण सांगितलेच पाहिजे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. वेताळाच्या जंगलातील माणसे भोळी, त्याच्यावर विसंबून राहणारी दाखविली आहेत. एक गोरा पुरुष पिढ्यान्‌पिढ्या कवटीच्या गुहेत राहतो, आणि तो अमर आहे असे मानून काळी माणसे त्याची आज्ञा पाळतात. या कल्पनेत राज्य करणाऱ्या गोऱ्या लोकांचा अहंकार दडलेला आहे. फॉकच्या पुढच्या कथांत ही वृत्ती काहीशी निवळली, हेही सांगितले पाहिजे. त्या जंगलाच्या देशात लोकशाही आली, आणि डॉक्टर लामांडा लुआगा हा कृष्णवर्णीय गृहस्थ तेथील राष्ट्राध्यक्ष झाला. तथापि पहिल्या कथांतील तो दोष दोषच आहे.

मग मुलांच्या हाती त्या कथा द्याव्यात का? काही पालक म्हणतात, आक्षेपार्ह चौकटी काढून टाका. त्यांची काळजी खोटी नाही. बालमनावर चित्र शब्दापेक्षा खोल उमटते. परंतु बारा वर्षांच्या मुलाला चित्रातील अन्याय ओळखता येत नाही, हे मला मान्य नाही. वर्गात एकदा ही गुहेची गोष्ट काढून मी विचारले होते, "त्या जंगलातील माणसांनी स्वतःचा राखणदार स्वतःतूनच का निवडला नाही?" मागच्या बाकावरून उत्तर आले, "गुरुजी, गोष्ट लिहिणारा त्यांच्यातला नव्हता ना!" चौकटी कापून टाकल्या असत्या, तर हे उत्तर मला कोठून मिळाले असते?

आपल्यातील लेखकाने लिहिल्यावर काय होते, तेही 'इंद्रजाल'नेच दाखविले. १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा 'बहादूर' त्यात अवतरला. तो चंबळच्या मुलखातील तरुण. त्याच्या अंगी कोणतीही दैवी शक्ती नाही. गावकऱ्यांना संघटित करून तो डाकूंशी लढतो. या सुरतींची आणखी एक हकीकत सांगण्याचा मोह आवरत नाही. २००७ साली, सत्तरी उलटल्यावर, त्यांनी मुंबईजवळच्या मीरा रोड येथे एका नळ दुरुस्त करणाऱ्या कारागिराला बरोबर घेऊन घरोघरचे गळके नळ फुकट दुरुस्त करण्याचे काम सुरू केले. जालना जिल्ह्यात टँकरपुढे घागरींची रांग लावलेल्या माणसाला या कामाचे मोल वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

जुने अंक मिळवून त्यांचा खंड करणे हे सोपे काम नव्हे. हे अंक स्वस्त कागदावर छापत. त्या कागदात आम्ल तयार होते, तो पिवळा पडतो आणि शेवटी हाताशी तुटतो. अमेरिकेत तर दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, त्यांत मुलांनी आपले ढीगच्या ढीग अंक आनंदाने देऊन टाकले. म्हणूनच १० सेंटला विकलेल्या सुपरमॅनच्या पहिल्या अंकाच्या एका प्रतीला २०२४ मध्ये ६० लाख डॉलर मिळाले. छापखान्यातील मूळ चित्रे नाहीशी झाली असतील, तर पुनर्मुद्रण करणाऱ्यांना जुना अंकच सुटा करावा लागे. त्याची पाने रसायनात बुडवीत. रंग विरून जात आणि काळी रेघ तेवढी उरे. तिचे छायाचित्र घेऊन पुन्हा नवे रंग भरीत. एक दुर्मीळ प्रत अशी खर्ची पडे, तेव्हा हजारो नव्या प्रती निघत. आता संगणकामुळे जुने पान न बिघडवता हे साधते.

सीगल आणि शुस्टर यांनी सुपरमॅनचे सर्व हक्क १९३८ मध्ये १३० डॉलरना देऊन टाकले होते. त्याच्यावर इतरांनी अमाप पैसा मिळविला. हे दोघे मात्र म्हातारपणी हलाखीत होते. १९७५ मध्ये लोकांनी आवाज उठविल्यावर त्यांना वार्षिक निर्वाहवेतन मिळाले आणि सुपरमॅनच्या कथांवर त्यांची नावे पुन्हा छापली जाऊ लागली. म्हणून कोणताही खंड हाती आला की प्रथम मी लेखकाचे आणि चित्रकाराचे नाव शोधतो. मराठी वेताळाचे साक्षेपी खंड व्हावेत, आणि त्यांत भाषांतरकारांची, तसेच बी. गोविंद यांच्यासारख्या मुखपृष्ठ रंगविणाऱ्या चित्रकारांची नावे शोधून घालावीत, अशी माझी इच्छा आहे.

किमतीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. पोरांच्या खाऊच्या पैशांत मिळणारी गोष्ट जाड कागदावर चढली, की ती पोरांच्या हातून निसटते आणि हौशी मोठ्यांच्या दिवाणखान्यात जाऊन बसते. प्रकाशकांनी साध्या बांधणीची आवृत्तीही काढावी. तालुक्याच्या ग्रंथालयाने एक खंड घ्यावा आणि तो कुलपात ठेवू नये. फाटला तर फाटू द्यावा. पुन्हा शिवता येतो.

तुमच्या घरी आजोबांची एखादी पत्र्याची ट्रंक असेल. तीत 'इंद्रजाल'चा अंक सापडला, तर तो रद्दीत घालण्यापूर्वी मुखपृष्ठ शाबूत आहे का आणि अंकाचा क्रमांक वाचता येतो का, ते पाहा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका; तिचा डिंक काही वर्षांत कागद खातो. अंक आडवा, कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवा. कसर लागली नाही ना, हे मधून मधून पाहत जा. क्रमांक, महिना आणि वर्ष एका वहीत उतरवून शाळेच्या ग्रंथपालांना दाखवा. आणि हे सारे करण्याआधी तो अंक एकदा वाचून काढा.